तुम्ही विचारलंत म्हणून: यूएनच्या शांतिसैनिकांवर आणि गावकऱ्यांवर हल्ले करणाऱ्या टोळ्यांच्या म्होरक्यांचं पुढे काय होतं?

देवळालीत लॅम रोडला सकाळी चालायला गेलो की भरतीची तयारी करणारी पोरं गाठतातच. मी लष्कराच्या सिग्नल्समधे, म्हणजे संदेशवहनात होतो, काँगोत गोमाला यूएनचं शांतिसेनेचं मिशन केलंय, हे त्यांना माहीत झालंय. तिकडे रेंजवर तोफा सुरू असतात आणि इकडे पोरं विचारतात, "काका, आपल्या जवानांना आणि गावकऱ्यांना मारणाऱ्या त्या टोळ्यांच्या म्होरक्यांना कधी शिक्षा होते का हो, का नुसताच निषेध?"

होते. फार उशिरा होते, थोड्याच जणांना होते, पण होते.

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचं घ्या. मे २००० मधे आरयूएफ ह्या संघटनेच्या बंडखोरांनी यूएनचे पाचशेच्या वर शांतिसैनिक ओलीस धरले, कैलाहूनला आपले दोनशेवर जवान वेढ्यात अडकले आणि जुलैत ऑपरेशन खुकरी करून ते बाहेर आले, इथपर्यंत पोरांना पाठ असतं. पुढचं कुणी सांगत नाही. राजधानी फ्रीटाऊनला ह्या गुन्ह्यांसाठी खास कोर्ट बसलं आणि २००९ मधे सेसे, कालोन, ग्बाओ ह्या तीन कमांडरांना ५२, ४० आणि २५ वर्षं झाली. गावकऱ्यांचे खून, बलात्कार, हातपाय तोडणं हे आरोप होतेच, पण शांतिसैनिकांवर हल्ला हा वेगळा गुन्हा धरून शिक्षा, ही पहिल्यांदाच. शांतिसैनिकाकडे बंदूक असली, त्याने जीव वाचवायला ती चालवली, तरी तो लढाईत उतरत नाही तोवर त्याला नागरिकासारखंच संरक्षण, असं कोर्टाने धरलं.

आणि त्या खटल्यांत साक्षीला कोण आले? बंडखोरांचेच रेडिओ ऑपरेटर! कुणाचा हुकूम कुणाकडे गेला ते त्यांच्या तोंडून आलं. हे वाचलं तेव्हा मला माझं लॉगबुक आठवलं.

एका रात्री आमच्या बेसच्या गेटवर एक बाई आली. पाऊस, जनरेटर बंद, रजिस्टरची पानं ओलीने फुगलेली, आणि मी टॉर्च दातात धरून लिहितोय. ती स्वाहिलीत घाईघाईने बोलत होती, आमचा दुभाषा दुसऱ्या पेट्रोलबरोबर गेलेला. मला फक्त गावाचं नाव कळलं. ते लिहिलं, वेळ लिहिली, पहाटे चार वीस. पुढचा रकाना कोरा राहिला. तो कोरा रकाना मला अजून टोचतो.

काँगोतच वालिकालेत २०१० मधे ह्याहून फार भयंकर झालं. ३० जुलै ते २ ऑगस्ट, तेरा गावांत किमान ३८७ जणांवर बलात्कार, बायका, लहान मुली, पुरुषसुद्धा. यूएनचा बेस फार लांब नव्हता, पण तिथे दुभाषा नव्हता. हल्ला करणाऱ्या टोळ्यांतला एक म्होरक्या शेका, अटकेचं वॉरंट डोक्यावर असताना २०११ च्या निवडणुकीला उभा राहिला, २०१७ मधे यूएनपुढे शरण आला आणि नोव्हेंबर २०२० मधे गोमाच्या लष्करी कोर्टाने त्याला जन्मठेप दिली. दहा वर्षं लागली, आणि त्याच माणसाचे साथीदार आजूबाजूला वावरत असताना लोकांनी कोर्टात तोंड उघडलं, ह्याला मी शौर्य म्हणतो.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या राजधानीत, बांगीत, कोर्टाने २०१७ च्या बांगासू शहरावरच्या हल्ल्यासाठी २८ जणांना दोषी ठरवलं, मेलेल्यांत १० शांतिसैनिक होते. उलट सुदानच्या दारफूरमधे हस्कनिताला २००७ मधे आफ्रिकन युनियनचे १२ सैनिक मारले गेले, तिथल्या एका बंडखोर नेत्यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टात आरोपसुद्धा टिकले नाहीत, पुरावा अपुरा. बारा शवपेट्या घरी गेल्या आणि कागद कमी पडला, हे मला पचत नाही.

म्हणून ऑगस्ट २०२१ मधे भारताने सुरक्षा परिषदेत आणलेला ठराव २५८९ मला मोठा वाटतो. हल्लेखोरांना शोधून खटला भरायची जबाबदारी यजमान देशाची, आणि अशा गुन्ह्यांची नोंद एका डेटाबेसमधे, अशी त्यात मागणी आहे. पण डेटाबेसमधे भरणार तेच ना, जे गेटवरच्या पोराने त्या रात्री लिहिलेलं असेल!

परवा एका पोराच्या वहीत मी रकाने आखून दिले. वेळ, जागा, कोण, काय पाहिलं, काय ऐकलं. तो म्हणाला, "काका, पाहिलं आणि ऐकलं वेगळं कशाला?" मी म्हटलं, उद्या कोर्टात समोरचा वकील पहिलं हेच विचारणार. मग त्याचं रनिंग राहिलं, आम्ही तिथेच कट्ट्यावर बसलो, आणि त्याने आदल्या दिवशी सिग्नलला पाहिलेला ॲक्सिडेंट त्या रकान्यांत भरून दाखवला.