गिलावा खंय गेलो?

जुन्या गोव्यातली बॉम जेझू बॅसिलिका दाखवताना मी वर्षानुवर्षं एका वाक्याने सुरुवात करायचो, "बघा, चारशे वर्षांचा तांबडा चिरा!" लगेच मोबाइल बाहेर निघत. कणकवलीकडची मंडळी आली त्या दिवशी ते वाक्य माझ्याकडून शेवटचं बोललं गेलं.

त्यांच्यात एक वयस्क गवंडी होते. बाकीचे आत गेले, आजोबा भिंतीपाशीच थांबले. तळहात फिरवून त्यांनी बोटांना लागलेली लाल पूड मला दाखवली.

"झिला, गिलावो खंय गेलो ह्येचो? चिरो उघडो रवलो काय पावस खाता तेका."

उत्तर मला ठाऊक होतं, तरी मी ते कुणाला सांगत नसे. 24 नोव्हेंबर 1594ला पायाचा दगड बसला, 1605मध्ये चर्च पवित्र झालं. या चिऱ्यावर, म्हणजे जांभ्यावर, चुन्याचा गिलावा होता. तो 1950च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, इमारतीचा जुनेपणा उठून दिसावा म्हणून खरवडून काढला. म्हणजे मी मिरवत होतो तो तांबडा रंग चारशे वर्षांचा नव्हताच. ती सोललेली कातडी होती.

आजोबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ दर्शनी भिंत न्याहाळत राहिले. खाली तीन दारं, वर तीन खिडक्या, त्यावर तीन गोल गवाक्षं आणि माथ्यावर येशूच्या नावाची अक्षरं. हे कोरीव काम काळ्या दगडात आहे, तो वसईहून आणलेला. त्याच्या कडा अजून धारदार आहेत, आणि लगतचा जांभा मात्र झिजलेला. एकाच भिंतीत दोन दगडांचं नशीब इतकं वेगळं असतं, हे मला त्यांच्या शेजारी उभं राहून पहिल्यांदा नीट दिसलं.

आत बरोक शैलीची सोनेरी वेदी झळाळत होती. जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याचा भव्य पुतळा आणि त्याच्या पायाशी इवलासा बाळ येशू. फ्रान्सिस झेवियरच्या समाधीचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीने घडवला, तो 1698मध्ये इथे उभा राहिला. आजोबांनी हात जोडले, पण नजर भिंतींकडेच होती. आतल्या भिंतींना गिलावा होता.

बसमध्ये चढताना त्यांनी माझा हात धरला. "लावतलात तेव्हा चुनोच लावा हां. शिमीट नको."