दियानीच्या किनाऱ्यावरून त्सावो ईस्ट: दोन रात्रींची गटसफारी कशी आखावी

केनियाच्या किनाऱ्यावर, दियानीला पाच-सहा दिवस राहायला येणाऱ्या गटांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथून मसाई मारा हे प्रसिद्ध अभयारण्य करता येईल का? विमानाने येईल, रस्त्याने नाही. जवळच्या मोंबासा शहरापासून नैरोबीच जवळजवळ 480 किलोमीटर आहे आणि पुढे मारापर्यंत आणखी पाच-सहा तास लागतात. दियानीजवळच्या उकुंडाच्या धावपट्टीवरून छोटी विमानं जातात, पण माणशी खर्च बराच वाढतो आणि सामान साधारण 15 किलोंचं, तेही मऊ बॅगेत चालतं. गटात कोणी स्कूबा डायव्हिंग केलं असेल, तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसू नये. म्हणून हाताशी दोन-तीन दिवस असतील तर आम्ही ठामपणे सांगतो, त्सावो ईस्ट हे राष्ट्रीय उद्यान करा आणि एकच पार्क करा.

त्सावो ईस्टचं क्षेत्रफळ 13,747 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे ताडोबाच्या 625 चौरस किलोमीटरच्या गाभा क्षेत्राच्या वीसपटीहून जास्त. गट सहसा फिरतात ते त्याच्या दक्षिण भागात, वोई नदी आणि अरुबा धरणाच्या आसपास. जमीन सपाट, झाडी विरळ, त्यामुळे लांबवरचंही दिसतं. हत्ती तिथल्या लाल मातीत लोळून स्वतः विटकरी लाल झालेले असतात. सिंहांना आयाळ फारच कमी, काहींना जवळपास नसतेच. 1898 साली त्सावो नदीवरच्या रेल्वेपुलाचं काम ज्या दोन सिंहांनी थांबवलं, ते असेच बिनआयाळीचे होते, आणि त्यांना बळी पडलेल्यांत हिंदुस्थानातून नेलेले मजूर पुष्कळ होते. आता नैरोबी-मोंबासा रस्त्याने जाताना तो इतिहास डोक्यात असला तर त्या रुक्ष झाडीकडे नुसतं काचेतून बघून पुढे जाववत नाही.

ताडोबा किंवा पेंच पाहिलेल्या माणसाने दोन फरक आधीच समजून घ्यावेत. इथे सकाळ-दुपारच्या ठरावीक फेऱ्या नसतात. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा पार्कमध्ये कितीही वेळ फिरता येतं आणि मुक्कामही आतच करता येतो. शिवाय गेटवर वेगळा गाइड मिळत नाही. तुमचा ड्रायव्हरच गाइड असतो, म्हणून सगळी सफारी त्याच्या नजरेवर आणि सबुरीवर अवलंबून असते.

आता मूळ हिशेब. सफारी किलोमीटरमध्ये नाही, पहाट आणि संध्याकाळच्या तासांत मोजायची. त्सावोत प्राणी हलतात ते साधारण सकाळी सहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सहा. मधल्या वेळात ऊन इतकं असतं की सिंह झुडपाखाली आडवे होतात आणि दिसले तरी कानच दिसतात. किनाऱ्यावर एका दिवसाची त्सावो सफारी विकतात, तिच्यात पहाटे चारला उठूनही तुम्ही आत पोचता नऊ-साडेनऊला आणि निघता तीनला. म्हणजे दोन्ही चांगल्या वेळा रस्त्यात गेल्या. एक रात्र राहिलात तर एक संध्याकाळ आणि एक पहाट मिळते. दोन रात्री राहिलात तर दोन-दोन, म्हणजे जवळजवळ अकरा तास. दुसऱ्या रात्रीसाठी जास्तीचा प्रवास अजिबात नसतो. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर लॉज साधा घ्या, रात्र कापू नका. आणि त्या दुसऱ्या रात्रीसाठी शेजारच्या त्सावो वेस्ट पार्कला पळू नका. म्झिमाचे झरे सुंदर आहेत, पण तिथली झाडी दाट, डोंगर जास्त, आणि पार्क बदलताना एक संध्याकाळ गाडीतच जाते.

पहिल्या दिवशी दियानीहून सहाला निघावं. पूर्वी मोंबासाकडे जायला लिकोनीची फेरीबोट हा एकच जवळचा मार्ग होता आणि तिच्या रांगेत किती वेळ जाईल याचा भरवसा नसायचा. आता दोंगो कुंडूचा बायपास झाला आहे. तुमची गाडी त्या मार्गाने जाणार का, हे आदल्या रात्रीच विचारा. पुढे नैरोबी हायवेवर मालट्रकांची रांग असते, विशेषतः मारियाकानीच्या वजनकाट्यापाशी. स्वच्छतागृहासाठी हायवेवरच्या पेट्रोल पंपावर थांबून घ्या, कारण पार्कमध्ये ठरावीक जागा सोडून गाडीतून उतरता येत नाही. ज्येष्ठ मंडळी आणि लहान मुलं असतील तर हा थांबा अगदी गेटच्या आधीचा ठेवा. मोंबासाहून सुमारे 100 किलोमीटरवर बुचुमा गेट आहे. तिथून आत शिरलं की वोई गावापर्यंतचा उरलेला प्रवास हायवेऐवजी जंगलातून होतो. अरुबा धरणावर थांबत, हळूहळू वोई भागातल्या लॉजवर जेवायला पोचायचं. मालिंदी किंवा वाटामूला राहणाऱ्यांनी हा वळसा घेऊ नये, त्यांना गलाना नदीकाठचं साला गेट सोयीचं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पार्कचं तिकीट तारखेवर नाही, 24 तासांवर चालतं. पहिल्या दिवशी दहाला आत गेलात, तर तिसऱ्या दिवशी दहाच्या आत बाहेर पडेपर्यंत दोन तिकिटं पुरतात. साडेदहा वाजले की तिसरं लागू होऊ शकतं, आणि दहा-बारा जणांच्या गटाला ते चांगलंच महागात पडतं. तिकीट साधारण एकाच प्रवेशाचं असल्यामुळे पार्कबाहेरचं स्वस्त हॉटेल घेतलं तर रोज आत-बाहेर करण्याचा खर्च काय, हे आधी लेखी घ्या. भरणा रोखीत होत नाही, ऑनलाइन होतो, आणि आयोजकाने तो आदल्या दिवशी केलेला बरा. गेटवर नेटवर्क गेलं म्हणून ताटकळलेल्या गाड्या तिथे नेहमी दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वोई नदी आणि कांदेरीच्या पाणथळीचा भाग करा. लॉज जवळ असेल तर नाश्ता परत येऊनच घ्या, म्हणजे दुपारची विश्रांती मिळते. गटातल्या दोघा-तिघांना लुगार्ड धबधबा आणि गलाना नदी बघायचीच असेल, तर डबा घेऊन सकाळीच निघावं लागतं आणि अर्ध्याहून जास्त दिवस जातो. कोरड्या दिवसांत मुदांडाचा खडक आम्हाला जास्त आवडतो. जवळपास दीड किलोमीटर लांबीच्या त्या खडकावर चढलं की खालच्या पाण्यावर येणारे हत्ती वरून दिसतात. वर जाताना गाइड सोबत हवाच.

गाडीबद्दल बोलू, कारण गट बिघडतात ते इथेच. छत उचलता येणारी व्हॅन कोरड्या दिवसांत मुख्य वाटांवर पुरते. पाऊस झाला असेल तर फोर-व्हील ड्राइव्हची लँड क्रूझर घ्या. सातजणांची गाडी असली तरी सहाच बसा, आणि प्रत्येकाला खिडकी हे करारात लिहून घ्या. कंबर-पाठीचा त्रास असणाऱ्यांना मागच्या चाकांवरची सीट देऊ नका, सगळे दणके तिथे बसतात. दहाजण असतील तर दोन गाड्या, पाच-पाच. पण वाटणी कुटुंबानुसार करू नका. पहाटे उठणारे आणि एका जागी तासभर थांबायला तयार असणारे एका गाडीत, लहान मुलं आणि लवकर परतू इच्छिणारे दुसऱ्या गाडीत. एकाच गाडीत दोन्ही प्रकार कोंबले की फोटो काढणारा आणि भुकेलं मूल, दोघांचीही सकाळ फुकट जाते.

किनाऱ्यावर वाळूत फिरून सफारी विकणारे भेटतात. स्वस्त भावात काय वगळलंय ते बघा: पार्कचं तिकीट, पाणी, दुसऱ्या दिवशीची संध्याकाळची फेरी, की अनोळखी लोकांबरोबर गाडी वाटून घेणं? लॉजचं नाव, गाडीचा प्रकार, गाडीतली माणसं, फेऱ्यांची संख्या आणि गाडी बंद पडल्यास काय, एवढं कागदावर हवं. कंपनी केनियाच्या टूर ऑपरेटरांच्या संघटनेची, म्हणजे ‘काटो’ची सभासद आहे का, ते तपासा. ड्रायव्हर-गाइडला व्यावसायिक परीक्षेचा ब्राँझ किंवा सिल्व्हर बिल्ला असेल तर फरक जाणवतो. त्याला पहिल्याच दिवशी सांगा की वायरलेसवर सिंह कळला म्हणून धावायचं नाही. त्सावोत वाट सोडून गाडी घालायला मनाई आहे, त्यामुळे अशा धावपळीतून मिळते ती बहुधा लांबच्या सिंहाभोवतीची आठ गाड्यांची धूळ. झुडपांजवळ इंजिन बंद करून अर्धा तास बसलं, तर लांब मानेचं गेरेनुक हरीण मागच्या पायांवर उभं राहून पाला खाताना दिसतं. टिप माणशी दिवसाला 5 ते 10 डॉलर, गटाने एकत्र, शेवटच्या दिवशी.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी काही गोष्टी. मे महिन्याची सुट्टी केनियात मोठ्या पावसाची असते, तेव्हा गवत वाढतं आणि वाटा चिखलाच्या होतात. दिवाळी लवकर आली तर छोटा पाऊस सुरू व्हायच्या आधीचे कोरडे दिवस सापडतात. पीतज्वराची (यलो फीवर) लस ही सर्वांत महत्त्वाची. केनियातून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र मागतात, ते लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी वैध होतं, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, म्हणून महिनाभर आधी नंबर लावा. साठीपुढच्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. किनारा आणि त्सावो दोन्हीकडे मलेरिया आहे, प्रतिबंधक गोळ्या परतल्यानंतरही काही दिवस चालू ठेवाव्या लागतात. लहान मुलांसकट प्रत्येकाचा ई-प्रवास परवाना निघण्याआधी काढावा लागतो.

पार्कमध्ये एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकला 2020 पासून बंदी आहे. माणशी दोन लिटर पाणी धरून स्टीलच्या बाटल्या घ्या. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना तर देशभरच बंदी आहे, तेव्हा कॅमेरा उशीच्या अभ्र्यात गुंडाळा. लाल धूळ फार बारीक असते, गाडीत लेन्स बदलू नका. खिडकीवर लेन्स टेकवायला रिकामी कापडी पिशवी न्या आणि तिकडे तांदूळ भरा. लष्करी ठिपक्यांचे कपडे आणि ड्रोन घरीच ठेवा. सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे असतात.

ज्यांना एवढा प्रवास झेपणार नाही त्यांच्यासाठी दियानीजवळच शिंबा हिल्स हे छोटं अभयारण्य आहे. सिंहांची अपेक्षा ठेवू नका, पण सेबल हे काळसर, मागे वळलेल्या शिंगांचं हरीण केनियात फक्त तिथेच दिसतं. अर्धा दिवस पुरतो.

परतीचं विमान नैरोबीहून असेल तर सफारी सुट्टीच्या शेवटी ठेवा. त्सावोहून पुन्हा समुद्रावर जाण्यात अर्थ नाही. मोंबासा-नैरोबी मार्गावर सकाळी सुटणारी इंटर-काउंटी रेल्वेगाडी वोईला थांबते, एक्सप्रेस थांबत नाही. तिकिटं आधी काढावी लागतात आणि त्यावर पासपोर्टचा तपशील लागतो. त्या दिवशीची पहाटेची फेरी वोई गेटच्या आसपासच ठेवा, सामान आदल्या रात्री बांधून गाडीत टाका आणि स्टेशनवर तासभर आधी पोचा, कारण तिथे बॅगांची तपासणी होते.