वाकडं कापलेलं

रविवारी दुपारी रद्दीवाला आला. वर्तमानपत्रं काट्यावर चढली, बाटल्या पोत्यात गेल्या, आणि मग त्याची नजर गॅलरीच्या कोपऱ्यात गेली. तिथे पत्र्याचे चार डबे एकावर एक रचून ठेवलेले होते. "ताई, ते पण द्या की."

"ते नाही द्यायचे. लागतात."

त्याने एकदा डब्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुढे काही विचारलं नाही. धंद्यात अशा बायका त्याला रोज भेटत असणार.

लागतात म्हणजे तीन वर्षांत लागलेले नाहीत. पण टोमॅटोच्या गराचा अडीच किलोचा डबा रिकामा झाला की तो धुऊन, वरचा कागद सोलून, उन्हात पालथा घातल्याशिवाय मला चैन पडत नाही. ही खोड माझ्या कोल्हापूरच्या माहेरची धरायची की इटलीतल्या बोलोन्याची, याचा निकाल घरात अजून लागलेला नाही.

बोलोन्याला आम्ही दोन वर्षं होतो. नवऱ्याचं तिथल्या विद्यापीठात काम होतं. विद्यापीठ 1088 सालचं, आणि आमच्या भाड्याच्या घरातले नळ साधारण त्याच सुमाराचे. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायची. मी तिला सिन्योरा म्हणायची आणि तीही मला सिन्योराच म्हणायची. दोघी बाईसाहेब जिन्यात भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या, असं ते चालायचं.

तिची गॅलरी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं झालं. कठड्यावर ओळीने टोमॅटोचे डबे, त्यात बाझिलिको, म्हणजे त्यांची तुळस. एका छत्रीचं कापड फाडून तिचा नुसता सांगाडा कुंडीत उलटा रोवलेला, त्याच्या काड्यांवरून घेवड्याचा वेल चढलेला. टोमॅटोची झाडं बोरूच्या काठ्यांना बांधलेली, आणि बांधायला काय, तर जुन्या नायलॉनच्या मोज्यांच्या कापलेल्या चकत्या. सुतळीने खोड कापतं, मोजा ताणला जातो, असं तिने मला हातवारे करून समजावलं. आमच्या आजीने जाईचा वेल नऊवारीच्या काठाच्या पट्ट्यांनी बांधला होता, हे मला तिला सांगायचं होतं. पण तेवढं इटालियन माझ्याकडे नव्हतं, आणि नऊवारी हातवाऱ्यांनी दाखवणं अवघडच.

डब्याला भोकं पाडायची तिची रीत मात्र मी तिथेच शिकले. आपण डबा पालथा घालतो आणि बाहेरून खिळा ठोकतो. मग पत्रा आत वळतो, भोकाभोवती कडा उभी राहते आणि तळाशी बोटभर पाणी साचून मुळं कुजतात. सिन्योरा डबा लाकडाच्या ओंडक्यावर सरळ ठेवायची, आत लांब सळई उभी धरायची आणि वरून हातोडी घालायची. कडा बाहेर, पाणी बाहेर. माझ्या बाबांनी एवढी वर्षं गच्चीवर बाग केली, पण हे त्यांना सुचलं नव्हतं.

बाबांच्या डोक्यात तेव्हा श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचं, म्हणजे घरच्या टाकाऊतून शेतीचे प्रयोग करण्याचं, वारं होतं. कोल्हापुरात राहायचं, घरामागे रसाचं गुऱ्हाळ, म्हणजे उसाची चिपाडं फुकट. ती पोत्यांत दाबून, वर चार मुठी माती टाकून बाबांनी गच्चीवर वांगी पिकवली. वांगी झकास यायची. चिपाडांच्या गोडीने मुंग्याही झकास यायच्या, आणि त्या जिन्यावरून थेट आईच्या साखरेच्या डब्यापर्यंत. आई म्हणायची, "एक वांगं मला अर्धा किलो साखरेला पडतं." हिशेब चुकीचा होता, पण बाबा वाद घालत नसत.

तर सिन्योराचं जेवण. तिने पहिल्यांदा बोलावलं तेव्हा टेबलावर इस्त्रीची चादर होती आणि ताटात ताल्यातेल्ले, म्हणजे पास्त्याच्या लांब चपट्या पट्ट्या. शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं, हे तिथलं प्रमाण, आणि लाटणं चांगलं दोन हात लांब. पारी इतकी पातळ हवी की तिच्यातून पलीकडच्या टेकडीवरचं सान लूकाचं देऊळ दिसलं पाहिजे, असं बोलोन्याच्या बायका म्हणतात. पट्टी किती रुंद कापायची हेही तिथे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही. 1972 साली त्यांनी सोन्याची एक ताल्यातेल्ला करून गावच्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे रीतसर जमा केली. शिजल्यावर रुंदी आठ मिलीमीटर, म्हणजे गावातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग. पुरणपोळीच्या जाडीसाठी आपण शनिवारवाड्याची भिंत मोजायला काढली नाही, हे आपलं भाग्य.

दुसऱ्यांदा ताल्यातेल्ले, तिसऱ्यांदाही ताल्यातेल्ले. चौथ्यांदा मी काहीतरी परत द्यायला म्हणून खाली गेले होते, बोलावणं नव्हतंच. टेबलावर चादर नव्हती, रोजचं मेणकापड होतं. तिने एक खुर्ची ओढली आणि खोलगट ताटली पुढे ठेवली. बोर्लोत्तीच्या, म्हणजे राजम्याच्या ठिपकेवाल्या भावाच्या, दाट रस्स्यात कणकेचे तुकडे. कुठे तिरका, कुठे चौकोनी, कुठे नुसतंच टोक. ताल्यातेल्ले कापून झाल्यावर पारीच्या कडेचं जे उरतं, ते. याचं नाव मालताल्याती. अर्थ एवढाच, की वाकडं कापलेलं.

मी पहिला घास घेतला आणि खरंच चमचा खाली ठेवला. चकोल्या होत्या त्या. गोडा मसाला नाही, आमसूल नाही, गूळ नाही, वर तुपाऐवजी ऑलिव्हचं तेल. पण दाताखाली जाड कोपरा आला की जो एक मऊ प्रतिकार होतो, तो तोच. आमच्याकडे त्या जाड कोपऱ्यांवरून भांडणं व्हायची. आई पोळ्या झाल्यावर उरलेली कणीक लाटून सुरीने सपासप कापायची. मधल्या शंकरपाळ्या एकसारख्या यायच्या, कडेच्या वेड्यावाकड्या. त्या कडेच्या माझ्या, असं मी आधीच जाहीर करून ठेवायची.

आणि याच चकोल्यांवरून एकदा फजितीही झाली होती. पावसाची संध्याकाळ, पातेलं नुकतंच उतरवलेलं, आणि दारात आत्याचे यजमान. आईने पातेल्यावर झाकण टाकलं, ते ओट्याखाली सरकवलं आणि त्याच हाताने रव्याचा डबा काढला. पाहुण्यांना शिरा, हे ठरलेलं. आम्ही दोघं भावंडं भिंतीला टेकून शिऱ्याकडे असे बघत होतो की जणू त्याने आमचं काही चोरलंय. काकांनी नाक वर केलं. "काय वहिनी, चकोल्यांचा वास येतोय नव्हं?" आई म्हणाली, "छे हो, पोरांचं आपलं काहीतरी." काकांनी मुकाट्याने शिरा खाल्ला. इतक्या हळू शिरा खाणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. मोठी झाल्यावर लक्षात आलं, की त्या वेळी त्या घरात त्यांच्याइतकं उपाशी कुणीच नव्हतं.

सिन्योराकडे मी दोन ताटल्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवसापासून तिने मला जाता जाता कचरा खाली न्यायला सांगायला सुरुवात केली.

हल्ली या सगळ्याला कुचिना पोवेरा म्हणतात, म्हणजे गरिबांचं जेवण, आणि ते फार कौतुकाने म्हणतात. पुण्यातल्या एका उपाहारगृहात मी आईला पांझानेल्ला खायला घातलं. तोस्कानाच्या बायका पाव दगडासारखा झाला की पाण्यात भिजवून पिळून, त्यात टोमॅटो, कांदा, तेल, व्हिनेगर घालून जे करतात, ते. आईने एक तुकडा बोटाने दाबला. "शिळाच ना हा?" मी म्हटलं, "शिळाच घालतात." तिने मेनूकार्ड चष्म्यासमोर धरून किंमत वाचली. मग घरी येईपर्यंत रिक्षात ती हिशेब करत होती की 1974 पासून आपण किती रुपयांची फोडणीची पोळी खाल्ली.

मला ते नाव जरा खुपतं, हे खरं. गरिबी वजा करून उरलेली चव ताटात वाढायची, यात काहीतरी चुकतं. पण मीही तेच करते, तेव्हा फार बोलू नये.

सिन्योराची सून दक्षिणेची, सिसिलीतल्या त्रापानीची. तिच्याकडे अंड्याचा पत्ताच नाही. बन्सीसारख्या कठीण गव्हाचा रवा आणि पाणी, संपलं. ती विणकामाच्या सुईवर कणकेची बारीक वळी गुंडाळायची आणि सर्रकन सुई ओढून घ्यायची. हातात स्प्रिंगसारखं भेंडोळं राहायचं. पूर्वी सुईच्या जागी गवताची वाळकी काडी असायची म्हणे. याला बुझियाते म्हणतात. मी आमच्या सासूबाईंना फोनवर वर्णन केलं. त्या अमरावतीच्या. म्हणाल्या, "अगं, सरगुंडे आहेत हे. आमरस करायला सांग तिला." सुनेला मी आमरसाचं सांगितलं नाही. एक गाव आठ मिलीमीटरसाठी सोनं ओततं, तर दुसऱ्या गावच्या सुनेला आंब्याच्या रसात पास्ता बुडव म्हणून कोण सांगणार? पण तेव्हापासून गव्हले, नखुल्या, मालत्या ही सगळी वळवटं मला रुखवतातून उठून इटलीच्या नकाशावर जाऊन बसलेली दिसतात. आजी मांडीवर सूप घेऊन गव्हले वळायची. दोन बोटांची चिमूट, आणि सुपात पावसासारखे बारीक थेंब. तिला कुणी सोन्याचा गव्हला करून द्यायला हवा होता.

तिथून मी काय आणलं, तर पार्मेझानची पाठ. पार्मेझानच्या चाकाभोवती जी कडक साल असते, तिच्यावर ठिपक्या ठिपक्यांनी त्याचं नाव उमटवलेलं असतं, रांगोळी अर्धीच सोडल्यासारखं. सिन्योरा ती साल कधी टाकायची नाही. खरवडून, धुऊन भाज्यांच्या सूपमध्ये सोडायची, आणि शेवटी मऊ झालेली ती साल कुणाच्या ताटात जाणार यावरून तिची दोन मोठी मुलं अजून भांडायची. तूप कढवल्यावरच्या बेरीवरून आम्ही जसे भांडायचो, तसेच. आता पुण्यात ते चीज मिळतं, पण जपून घ्यावं लागतं, म्हणून सालींचे तुकडे मी फ्रीजरमध्ये साठवते. परवा लेक ओरडला, "आई, फ्रीजरमध्ये साबणाच्या वड्या का ठेवल्यात?"

बाझिलिकोचं मी सोपं करून टाकलंय. नर्सरीत इटालियन म्हणून रोपाला भलतेच पैसे मागतात. आईने पानाचा वास घेतला आणि म्हणाली, "हा सब्जा आहे." आहेच. मग किराणा दुकानातून फालुद्यातला सब्जा आणला, चिमूटभर डब्यात पेरला, आठवड्यात उगवला. वास थोडा बडीशेपेकडे झुकतो, पण आमच्या घरी तक्रार करणारं कुणी बोलोन्याचं नाही. पेस्तोत पाइनच्या बियांऐवजी शेंगदाणे घालते, त्यामुळे आई त्याला हिरवी चटणी म्हणते आणि भाकरीबरोबर खाते. सिन्योरा तुरा दिसला रे दिसला की नखाने खुडायची, नाहीतर पानं बारीक आणि कडू होतात. मला ते कधी वेळेवर जमत नाही. मे महिन्यात झाड तुऱ्यांनी भरतं, आई ते वाळवून चोळते, आणि पुन्हा सब्जा. तो दुधात जातो.

गेल्या महिन्यात सिन्योराच्या मुलाचा निरोप आला. ती आता त्याच्याकडे राहायला गेलीय, तिथे गॅलरी नाही. जुनं घर रिकामं करताना त्याने एक फोटो पाठवला होता. कठड्यावर डब्यांची ओळ, काही गंजलेले, आत वाळकी माती. खाली लिहिलं होतं, आईला विचारलं तर ती काही टाकू देत नाही, तुम्हीच सांगा, हे टाकू का?

फोटो मोठा करून पाहिला. डावीकडून तिसरा बहुतेक माझा. त्याची भोकं मी तिच्या ओंडक्यावर पाडली होती आणि सळई घसरून एक अगदी काठाला गेलं होतं. फोटोत अर्थात तळ दिसत नाही.

मी बराच वेळ फोन हातात धरून बसले आणि मग "टाका" असं लिहिलं. दुसरं काय लिहिणार? त्याला तरी घर रिकामं करून द्यायचंच होतं.

रद्दीवाला आता पुढच्या महिन्यात येईल. चारातल्या सगळ्यात खालच्या डब्याला गंज लागलाय, तो देऊन टाकावा म्हणते. बघू.