पँथिऑनमधला कवडसा

रोम, मेचा शेवटचा आठवडा. रात्र.

आज दिवसभरात एकच वास्तू पाहिली, पँथिऑन हे प्राचीन रोमन देऊळ. यादीत अजून चार ठिकाणं होती. ती राहिली आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

सकाळी नऊला दार उघडताच आत गेले. आधी अरुंद गल्ल्या, मग अचानक ग्रॅनाइटचे सोळा अवाढव्य खांब आणि त्यांच्यामागची गार सावली. तिथून आत पाऊल टाकलं आणि मान आपोआप वर गेली. घुमटाच्या माथ्यावर एक गोल भोक, त्याला ना काच ना झाकण. नुसतं आभाळ. एवढ्या जागेला मोठ्या दाराखेरीज उजेडाची वाट ती एवढीच.

त्यातून आलेलं ऊन उजव्या हाताला घुमटावर गोल पडलं होतं. त्याला कवडसाच म्हणायचं ना? कवडसा म्हटला की तळहातावर घेता येईल असं काही डोळ्यांसमोर येतं. हा एखाद्या खोलीएवढा होता. घुमटात आतून चौकोनी खण आहेत, पाच रांगा, प्रत्येकीत अठ्ठावीस. उन्हात आलेल्या खणांची खोली तेवढी कळत होती, बाकीचे सपाट वाटत होते. कवडसा पुढे सरकला की आधीचे मिटायचे, नवे उघडायचे.

इ. स. ६०९ पासून इथे चर्च आहे, त्यामुळे बसायला बाकं आहेत. मी बसले ती उठलेच नाही.

दहानंतर कवडसा घुमट सोडून भिंतीवर उतरला. अकराच्या पुढे इतका खाली आला की जवळ जाऊन पाहता आलं. त्याची कड रेखीव नव्हती. उजेड आणि सावलीच्या मधे हातभर रुंदीचा धूसर पट्टा होता, आणि तो पट्टा संगमरवरावरून मिनिटाला वीतभर तरी पुढे जात होता. डोळ्यांदेखत! सूर्य चालतो की पृथ्वी, हे शाळेत शिकलेय, पण ती चाल अशी भिंतीवर कधी पाहिली नव्हती.

हेड्रियन सम्राटाच्या काळात, १२५ च्या सुमारास, ही वास्तू पुरी झाली. घुमटाचा व्यास ४३ मीटर, जमिनीपासून त्या भोकापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे आत एक अख्खा गोल बसेल. काँक्रीटमध्ये लोखंडाची एक सळी नाही. तळाशी घुमट सहा मीटरहून जाड, माथ्यावर जेमतेम सव्वा मीटर. खाली जड दगडांची खडी, वर वर जाताना हलकी, आणि शेवटी पाण्यावर तरंगेल असा ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड. हे आकडे मी येण्यापूर्वीच वाचले होते. आज खाली बसून वर बघताना त्यांचा अर्थ लागला: वजन कमी कमी करत नेलं आणि अगदी शेवटी, जिथे दगडाचीही गरज उरली नाही, तिथे आभाळ ठेवलं. मला तरी यापेक्षा धीट कल्पना दुसरी माहीत नाही.

पाऊसही तिथूनच आत येतो. फरशीला मधे किंचित उंचवटा आहे आणि पाणी जायला बारीक भोकं आहेत, मुद्दाम वाकून पाहिली.

बाराला कवडसा फरशीवर आला, एकच्या सुमारास दारापाशी. मी त्यात जाऊन उभी राहिले. इतका वेळ गार दगडांत बसल्यावर पाठीवर ऊन आलं. शेजारी एक आजोबा डोळे मिटून उभे होते. आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही. कवडसा हलला तसे दोघंही एक-एक पाऊल सरकलो.

उद्या दुपारी पुन्हा जायचंय. आता तो डावीकडची भिंत चढताना बघायचाय.