दुधाच्या कॅनमधली रुई

न्यू जर्सीतील आमच्या गावच्या बागप्रेमी मंडळात मी नाव नोंदवले, तेव्हा गुलाबांची छाटणी आणि टोमॅटोची रोपे यांपलीकडे काही करावे लागेल असे वाटले नव्हते. प्रत्यक्षात पहिले काम मिळाले ते भर जानेवारीत, दुधाचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅन कापण्याचे! सुमारे पावणेचार लिटरचा कॅन मधोमध कापायचा, पण मुठीखालचा भाग बिजागरीसारखा जोडलेला ठेवायचा. तळाला भोके पाडून ओली माती भरायची, मिल्कवीडचे बी पेरून काप चिकटपट्टीने बंद करायचा आणि झाकण काढून कॅन बर्फातच ठेवून द्यायचा. महिनाभर तरी ओली थंडी सोसल्याशिवाय हे बी सहसा रुजत नाही.

मिल्कवीड आपल्या रुईच्या कुळातले. पान तोडले की तसाच पांढरा चीक येतो. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या केवळ याच जातीच्या झाडांवर वाढतात आणि शेतांतील तणनाशकांमुळे व घरोघरच्या गुळगुळीत हिरवळीमुळे ती झाडेच दुर्मीळ होत चालली आहेत. शरद ऋतूत येथून मेक्सिकोतील मिचोआकानच्या डोंगरांपर्यंत हजारो किलोमीटर उडत जाणाऱ्या या फुलपाखरांना वाटेत फुलांतील मधही लागतो. म्हणून मंडळ गोल्डनरॉड आणि ॲस्टर यांचीही लागवड करते.

एका बैठकीत मी उत्साहाने आपल्याकडे बागेत दिसणारे हळदीकुंकू लावण्याचे सुचवले. तेही मिल्कवीडच, पण मूळचे उष्ण कटिबंधातील अमेरिकेचे. उबदार राज्यांत ते हिवाळ्यातही हिरवे राहते, त्यामुळे मोनार्कला ग्रासणाऱ्या एका परजीवीचे बीजाणू पानांवर साठत जातात, असे मला सौम्यपणे समजावण्यात आले. आमच्याकडे ते थंडीने मरतेच. तरीही मंडळाचा आग्रह स्थानिक बियाण्याचाच, आणि आता तो मला पटतो.

मला जड गेले ते मात्र ऑक्टोबरात काहीच न करणे. पतंगांचे कोष पालापाचोळ्यात आणि छोट्या मधमाश्यांची पिल्ले पोकळ देठांत हिवाळा काढतात, म्हणून वाफे झाडायचे नाहीत. रोज अंगण झाडणाऱ्या घरात वाढलेल्या मी पहिल्या वर्षी सारे साफ करून पिशव्यांत भरले होते.

मे महिन्यात वाटलेल्या रोपांपैकी तीन मी टपालपेटीपाशी लावली. जुलैत एका पानाच्या मागे टाचणीच्या टोकाएवढे, फिकट पिवळसर असे एकच अंडे दिसले.