तेलाआधी फडकं

"ताई, चेनला तेल कोणतं टाकता?"

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, सोसायटीच्या गेटवर, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. माझी सायकल नवी नाही, भारीतली तर अजिबात नाही. पण चालताना आवाज करत नाही, गिअर बदलताना कटकट करत नाही, आणि त्याचं सगळं श्रेय लोक तेलाला देऊन मोकळे होतात. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. उन्हाळ्यात सायकलच्या दुकानात मिळणारं ‘ड्राय’ लुब्रिकंट, पावसाळ्यात ‘वेट’, आणि दोन्ही संपली असली तर शिलाई मशीनचं तेल.

उत्तर एवढंच असतं तर बरं झालं असतं. विचारणारे तीच बाटली आणतात, चेनवर मनसोक्त ओततात आणि काही दिवसांनी परत भेटतात. आवाज तसाच आहे म्हणतात, आणि वर पँटीला काळे डाग. कारण तेल टाकण्याआधी चेन पुसायची असते आणि टाकल्यानंतरही पुसायची असते, हे कुणाला ऐकायचंच नसतं. बाटली विकत मिळते, पुसणं आपल्यालाच करावं लागतं.

तेल नेमकं कुठे हवं, ते आधी बघा. आपल्या सायकलीची चेन ही हान्स रेनॉल्डने १८८० साली मँचेस्टरमध्ये तयार केलेल्या रोलर चेनची वंशज आहे. गिअरच्या सायकलीला अशा शंभरावर कड्या असतात. दोन्ही बाजूंना पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन आणि पिनेभोवती सैल फिरणारा छोटासा रोलर. चेन वाकते तेव्हा घर्षण होतं ते पिन आणि आतल्या पट्टीच्या मध्ये, आणि रोलरच्या आत. तेल तिथे पोचायला हवं. बाहेरून जी पट्टी आपल्याला दिसते तिचं काम गंज चढू नये इतक्या पुसट थराने भागतं. आपण मात्र नेमकी तीच न्हाऊ घालतो. मग त्या ओलसर पट्टीवर रस्त्याची धूळ बसते, तेलात कालवली जाते, हळूहळू आत शिरते, आणि चेनचाच पाटा-वरवंटा होतो. वाटली जाते तीही चेनच, आणि तिच्याबरोबर ती ज्यांवर फिरते त्या चकत्यांचे दाते.

धुळीला नागपुरात तोटा नाही. कुठे सिमेंटचा रोड चाललाय, कुठे पुलाचं काम, कुठे पाइपलाइनसाठी खोदून तसंच सोडलेलं. मार्चपासून वारा सुटला की वर्धा रोडवरून घरी येईपर्यंत दातांत रेती कचकचते. चेन तर जमिनीच्या आणखी जवळ. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की लोक सायकल घरात ठेवतात आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की थेट गोरेवाड्याकडे काढतात. मग दुसरी तऱ्हा सुरू होते, काळ्या मातीची.

ही कापसाची काळी माती ओली असताना मडगार्डला, चेनला, मागच्या चकत्यांना लिपली जाते आणि सुकली की अशी घट्ट बसते की लोक पेचकस घेऊन तासायला बसतात. पेचकस नको. घरी आल्या आल्या, ती ओली आहे तोवर, मगभर पाणी ओतून घालवा. सुकलीच असेल तर ओलं फडकं थोडा वेळ गुंडाळून ठेवा, मग आपसूक सुटते. गाड्या धुण्याच्या जागी प्रेशरच्या पाण्याने सायकल मारून आणणारेही आहेत. त्यांची सायकल चकाचक दिसते. मात्र ते पाणी पेडलच्या मधल्या अ‍ॅक्सलमध्ये आणि चाकांच्या हबमध्ये घुसून ग्रीस धुऊन काढतं, आणि पुढे छर्रे वाजायला लागले की लोक पुन्हा चेनलाच दोष देतात.

आमच्या सोसायटीतले एक काका मला दर वेळी ऐकवतात, "आमच्या बाबांनी आयुष्यभर काळी सायकल चालवली, चेन कधी धुतली नाही." खरं आहे. त्या सायकलीला चेनवरून पुढून-मागून बंद पत्र्याचं कव्हर असायचं. धूळ आत जायला वावच कमी. वर एकच गिअर, म्हणजे चेन सरळ रेषेत धावणार, आणि चेनही रुंद, दणकट. दुधाचे कॅन टांगलेल्या सायकली अजूनही तशाच दिसतात. आपल्या गिअरच्या सायकलीत ते कव्हर गेलं, चेन अरुंद आणि पातळ झाली, आणि तिला मागच्या सात-आठ चकत्यांवर तिरपं-तारपं धावायचं असतं. काकांच्या बाबांनी ही चेन तशी ठेवली असती तर दोन पावसाळ्यांत बदलावी लागली असती. काका ऐकून घेतात आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच म्हणतात.

आता मी काय करते ते. जुनी सुती साडी फाडून केलेली फडकी सायकलच्या शेजारी खिळ्यावर टांगलेली असतात. ती हाताशी असणं फार महत्त्वाचं, कारण फडकं शोधायला घरात गेलं की आपण परत येत नाही. फेरी संपली की फडकं चेनच्या खालच्या भागाभोवती मुठीत धरायचं आणि दुसऱ्या हाताने पेडल उलटं फिरवायचं. फडक्याची जागा बदलत राहायची. चहाचं आधण ठेवून हे होतं. पेडल उलटंच फिरवा आणि लहान मुलांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नका, चेन आणि दात्यांमध्ये बोट सापडलं तर चेन दया करत नाही.

पुसलेल्या चेनचा आवाज कोरडा, किरकिरा येऊ लागला की तेलाची वेळ झाली. ठरावीक दिवस नसतो. पावसात भिजून आलात तर त्याच रात्री, कोरड्या दिवसांत चांगलं उशिरा. चेनच्या आतल्या बाजूने, दातांवर बसणाऱ्या अंगाने, एका रोलरवर एक थेंब. सुरुवात कुठे केली ते कळावं म्हणून जोडकडी शोधून ठेवा, ती बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसते. पूर्ण फेरा झाला की पेडल थोडा वेळ फिरवायचं, आणि शक्य असेल तर रात्रभर तशीच सोडायची. सकाळी स्वच्छ फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसून काढायचं. एकदा आमचा दूधवाला हे बघत उभा होता. म्हणाला, "पुसून टाकता तं मंग टाकलं कायले, ताई?" प्रश्न रास्त होता. आत गेलं ते राहतं, बाहेरचं फक्त धूळ गोळा करतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या सायकलीवरचं ग्रीस बघून मला कळलं की माझं म्हणणं त्याला पटलेलं नाही.

ग्रीस मी चेनला लावत नाही. घट्ट असतं, रोलरच्या आत पोचत नाही, बाहेर मात्र लिपून बसतं. खोबरेल आणि खायचं तेल काही दिवसांनी चिकट होतं. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून बरेच जण वापरतात. त्यात इंजिनातली काजळी आणि धातूची बारीक कणी असते, म्हणजे झिजवणारं द्रव्य आपणच आणून घालतो. त्यापेक्षा काहीही बरं.

आणि तो निळ्या-पिवळ्या डब्याचा स्प्रे. डब्ल्यूडी-४० नावातच त्याचं काम आहे: पाणी हटवणं, चाळिसाव्या प्रयत्नात साधलेलं. १९५३ साली अमेरिकेत ते बनलं आणि अ‍ॅटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून वापरलं गेलं. आपल्याकडे अ‍ॅटलास म्हटलं की सायकल आठवते, पण हा तो अ‍ॅटलास नव्हे. भिजलेल्या चेनमधलं पाणी काढायला, गंजलेला नट सोडवायला ते छान आहे. त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे राहतो तो अगदी पातळ थर, म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नका. मारा, पुसा, आणि मग खरं तेल घाला.

कितीही पुसलं तरी फडकं काळंच निघतंय असं झालं की मोठी सफाई. पूर्वी घरोघरी रॉकेल असायचं, आता ते सहज मिळत नाही. मी डिग्रीझर, म्हणजे तेलकट मळ सोडवणारं द्रव, घेते, नसेल तर थोडं डिझेल. पेट्रोल मुळीच नाही, बाल्कनीत तर नाहीच. जुना टूथब्रश भिजवून चेनच्या चारही बाजू घासायच्या. मागच्या चकत्यांच्या फटींतून कापडाची पट्टी आडवी ओढायची. डिस्क ब्रेक असेल तर त्या तबकडीला प्लॅस्टिकची पिशवी बांधून मगच हे सगळं. तिच्यावर तेलाचा शिंतोडा गेला की ब्रेक धरत नाही, आणि वाडीच्या उतारावर ते कळणं बरं नव्हे.

सगळ्यांच्या नजरेतून सुटतात त्या मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या, दोन छोट्या चकत्या. चेन खालून ज्यांच्यावरून वळसा घेऊन जाते, त्या. त्यांच्या दातांवर काळ्या राळेसारखा थर साचतो, आणि धुतलेली चेन पहिल्याच फेऱ्यात तो पुन्हा उचलते. आइस्क्रीमची काडी टेकवून पेडल फिरवा, सोलून निघतो. पुढच्या मोठ्या चकतीची आतली बाजूही बघा, तिथे सहसा कुणाचा हात गेलेला नसतो. मग भांड्यांच्या साबणाचं पाणी, मग साधं पाणी, आणि मग ऊन. उन्हाच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. पूर्ण सुकल्याशिवाय तेल घालू नका, नाहीतर आत पाणी कोंडून राहतं. उरलेलं काळं डिझेल नाल्यात ओतू नका, नाग नदीला आधीच पुरे झालंय. बाटलीत ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं नितळ पुढच्या वेळी चालतं.

नवी चेन मात्र अशी धुऊ नका. कारखान्यातून येताना तिच्या आत जे वंगण भरलेलं असतं ते आपल्या बाटलीपेक्षा चांगलं असतं. बाहेरून पुसा आणि चालवा.

एवढं करूनही चेन झिजतेच. लोक म्हणतात ताणली. पट्ट्या ताणल्या जात नाहीत, पिना झिजतात, आणि प्रत्येक जोडातली केसभर ढिलाई जमा होऊन चेन लांब होते. ते मोजायला बारा इंचांची स्टीलची पट्टी पुरते. नव्या चेनमध्ये दोन पिनांतलं अंतर अर्धा इंच. शून्यावर एका पिनेचा मध्य धरला की तिच्या पुढच्या चोविसाव्या पिनेचा मध्य (शून्यावरची पिन मोजायची नाही) बरोबर बारा इंचांवर यायला हवा. तो दीड मिलिमीटर पुढे गेला असेल तर चेन बदला. तीन मिलिमीटर गेला असेल तर उशीर झालाय. मागचे दातेही तिच्या मापाने झिजलेले असतात आणि नवी चेन त्यांच्यावर चढावर घसरते, म्हणून मग मागचा सगळा संच बदलावा लागतो. तो चेनपेक्षा महाग पडतो.

दुकानात जाताना मागे किती चकत्या आहेत ते मोजून जा. आठची चेन अकराला चालत नाही. महाल भागातल्या ज्या दुकानात मी जाते, तिथला पोरगा जुनी चेन नव्या चेनशेजारी टांगून लांबी जुळवायचा आणि तिथेच तोडायचा. जुनी झिजून अर्ध्या-एक कडीने लांब झालेली असते, त्यामुळे या पद्धतीने नवीत एखादी कडी जास्त राहण्याचा धोका. कड्या मोजून तोडून घ्या. तो आता मला बघितलं की न सांगता मोजायला बसतो.