पावसाळा आणि वस्तरा

आज दिवसभर झड लागलीय. बेळगाव-खानापूर पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की वस्तरा नुसता पुसून मिटला तरी मुठीच्या खिळ्यापाशी तांबूस ठिपके येतात. दाढी झाली की पातं कोरडं करा, तासभर उघडं ठेवा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फिरवा. खोबरेल नको, ते चिकट होऊन बसतं.

धार लावताना पात्याची पाठ (मागची जाड कड) आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या हव्यात. पाठ उचलली की कोन बिघडलाच. अगदी बोथट असेल तर १००० नंबरच्या दगडापासून (नंबर मोठा तितका दगड बारीक), मग ५०००, ८०००. वस्तरा केस न कापता नुसता ओढत असेल तर ८००० वर १५-२० वेळा फिरवला की पुरे. दाब वस्तऱ्याच्या वजनाएवढाच. दगडावर धार पुढे, चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे, ५० फेऱ्या. पलटायचं ते पाठीवरच, नाहीतर चामडं कापतं. पट्टा सैल असला तर धार गोल होते. ही चूक सगळ्यात वाईट, कारण ती डोळ्यांना दिसत नाही.

दगडही मधे खोलगट होतो. त्यावर पेन्सिलीच्या रेघा मारा, काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून घासा. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट.